प्राप्तीचा नंबर

कोलशेतच्या कोळीवाड्यातली हेमाली मासळी विकून परतली, की दुपारी नाक्यावर लेकीच्या स्कूलबसची वाट बघायची. त्या दिवशी कपडे बदलून निघताना तिला जरा उशीर झाला. बस निघून गेलेली. पलीकडच्या फुटपाथवर नऊ वर्षांची प्राप्ती एकटीच उभी होती. हेमालीने हात केला. प्राप्ती सरळ तिच्याकडेच बघत होती, पण चेहऱ्यावर ओळख म्हणून नाही. मग वळली आणि हिरवा ड्रेस घातलेल्या भलत्याच बाईच्या मागे चालू लागली.

हेमाली गाड्या चुकवत धावली. "अगं, कुठे चाललीस? मी दिसले नाही तुला?"

"सकाळी तू हिरवा घातलेलास ना," प्राप्ती रडवेली झाली. "लांबून मी रंगावरूनच ओळखते."

"आणि फळ्यावरचं?"

"ते नाही दिसत. पण सगळं टॅबवर असतंच की."

टॅब हातात असला की पोर अभ्यासाला बसलीय, या भरवशावर हेमाली बाजारात निर्धास्त असायची. शाळेच्या अ‍ॅपवर प्राप्तीचा वर्गात पहिला नंबर, हे गिऱ्हाइकांनाही कौतुकाने सांगायची.

खोपटला डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. "दोन्ही डोळ्यांना मायनस चार."

"चष्म्याने जाईल ना?"

"चष्म्याने दिसेल. नंबर जाणार नाही. आता तो फार वाढू नये एवढं बघायचं. टॅब कमी करा, रोज उजेडात खेळू द्या."

हेमाली दुसऱ्याच दिवशी शाळेत गेली. वर्गशिक्षिका देवयानीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मी तिला गृहपाठ कागदावर देईन. पण त्याचे गुण अ‍ॅपवर धरले जात नाहीत हो."

"नाही धरले तरी चालतील," हेमाली ठसक्यात म्हणाली. बाहेर आल्यावर मात्र तिला घरचं बोलणं आठवलं. सासरे दामाजी रोज म्हणायचे, पोरगी शिकली पाहिजे, तुझ्यासारखी मासळीची पाटी नको तिच्या डोक्यावर.

महिनाभर प्राप्ती संध्याकाळी खाडीकाठी खेळली. मग एका दुपारी ती घरात दिसेना. हेमालीने जाळ्यांची खोली उघडली. अंधारात, जाळ्यांच्या ढिगामागे, चष्मा काढून प्राप्ती टॅबला नाक लावून बसलेली.

"आई, रागवू नको ना! माझा अठरावा नंबर आलाय. मुलं मला ढ म्हणतात."

हेमालीला ओरडायचं होतं. पण तिने दार सताड उघडलं, लेकीच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, टॅब काढून घेतला आणि तिला पोटाशी धरलं.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. नंबर अर्ध्याने वाढून साडेचार झाला होता.

"आम्ही टॅब कमी केलेला, डॉक्टर," हेमाली कळवळून म्हणाली.

"म्हणून एवढ्यावर राहिलाय असं समजा. चालू ठेवा."

प्राप्ती नव्या काचांचा चष्मा घालून बाहेर आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "आता थोडा वेळ तरी टॅब देशील?"

हेमालीने तिचा हात घट्ट धरला आणि "आधी खाडीवर खेळायला चल," म्हणत रस्ता ओलांडला.