आईच्या फनेकची पट्टी

"बाकी काहीही काढायला लाव, मेमतोन. कडं, साखळी, देवाचा दोरा. आईच्या फनेकची पट्टी मात्र कुणाच्या अंगावरून उतरवू नकोस. मोज्यात सरकव म्हणायचं आणि आपण आभाळाकडे बघायचं."

पहिल्यांदा पंचाची शिट्टी हातात देताना इबोमचा नावाच्या म्हाताऱ्या गुरुजींनी हे बजावलं होतं. मेमतोनने ते हसण्यावारी नेलं. नियम तो नियम.

आज अंतिम सामन्याआधी खेळाडूंचे बूट आणि अंगावरच्या वस्तू तपासत ती रांगेतून चालली होती, आणि गोलरक्षक लानचेन्बाच्या मनगटावर तसलीच पट्टी होती. जांभळी, धुऊन धुऊन विटलेली.

"हे काय?"

"इमाच्या फनेकचं आहे, इचे." मैदानावर सगळे तिला इचेच म्हणत, थोरली बहीण. त्याने हात मागे घेतला. "हिवाळ्यात गेली आई."

इंफाळमधले पुरुष बायकांच्या लुंगीसारख्या नेसायच्या, दोरीवर वाळत घातलेल्या फनेकखालूनही जाणार नाहीत, वळसा घालतील. पण आईच्या नेसत्या फनेकचा तुकडा अंगावर असला की घाव लागत नाही, हे लढाईला जाणाऱ्यांच्या काळापासून चालत आलेलं. मेमतोनला ते माहीत नव्हतं असं नाही. पण बाहेरून आलेले निरीक्षक दोन हातांवर उभे होते. तिचं नाव राष्ट्रीय पंचांच्या यादीत जाणार, की ती गल्लीबोळांतल्या स्पर्धांत शिट्ट्या फुंकत राहणार, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. गुडघा गेला तेव्हा खेळ सुटला. मग हातात झेंडा आला, मग शिट्टी. मधे लग्न, बाळंतपण, आणि अंग सावरतं न सावरतं तोच पुन्हा धावण्याची परीक्षा. आज आभाळाकडे बघणं जमणार नव्हतं.

"काढ."

"मोज्यात ठेवू?"

"काढ म्हटलं ना. माझ्याकडे राहील. सामना संपला की देते."

त्याने दातांनी गाठ सोडवली. तिने पट्टी खिशात टाकली, पिवळ्या-लाल कार्डांशेजारी.

मध्यंतराला ती पत्र्याच्या शेडमध्ये धावली. सासू लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. मेमतोनची छाती दुधाने दगडासारखी झाली होती. पोरगी लुचायला लागली तेव्हा कुठे तिला श्वास घेता आला.

"त्या पोराची पट्टी उतरवलीस म्हणे," सासू म्हणाली.

"नियम आहे, इमा."

"हिच्या गळ्यात मी दोरा बांधला तेव्हा नाही आठवला नियम."

"ही कुठे गोलात उभी राहते?"

मेमतोन आपल्याच विनोदावर हसली. सासू हसली नाही. पोरीच्या मुठीत तो दोरा होता.

सामना संपत आला होता. बरोबरी होती. कोपऱ्यातून चेंडू आला, लानचेन्बा झेपावला, आणि खांबावर डोकं आपटल्याचा आवाज तिला शिट्टी फुंकायच्या आधी ऐकू आला. ती पोचेपर्यंत तो उठून बसला होता. हसत होता.

"नाव काय तुझं?"

"विसरलीस होय, इचे? लानचेन्बा."

"आज कुणाशी खेळतोयस?"

त्याने समोरच्या संघाचं नाव बरोबर सांगितलं. हातमोजा काढून मनगट चाचपलं, पुन्हा घातला, आणि धावत निघाला. थेट समोरच्या गोलाकडे. पूर्वार्धात तो तिथे उभा होता. आता तिथे दुसऱ्या संघाचा गोलरक्षक होता.

मैदान खदखदून हसलं.

"मस्करी करतोय तो," त्याचा प्रशिक्षक रेषेवरून ओरडला. "असाच आहे आमचा वेडा."

मेमतोनने त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

"बदली खेळाडू संपलेत आमचे," प्रशिक्षक हात जोडत म्हणाला. "थोडाच वेळ राहिलाय. पाया पडतो, इचे."

"याला इस्पितळात न्या. गाडी चालवू देऊ नका. एकटं सोडू नका. कळलं?"

"हो, हो."

गर्दीतून एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "आधी आईला उतरवलंस. आता पोरालाही."

ते वाक्य पाठीत घेऊन मेमतोन धावत राहिली. गोलात एक आघाडीचा खेळाडू उभा राहिला, लानचेन्बाचे हातमोजे घालून. साधा चेंडू त्याच्या हातातून निसटला. हरले.

शेवटच्या शिट्टीनंतर निरीक्षक हात मिळवायला आले. "धीराचा निर्णय," एवढं तिने ऐकलं. पुढचं ऐकलं नाही. ती खेळाडूंच्या बाकाकडे बघत होती.

प्रशिक्षक टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसला होता.

"लानचेन्बा कुठाय?"

"इथंच तर होता." त्याने मान वर केली. "डोकं ठणकतंय, घरी जाऊन झोपतो म्हणाला."

"कशाने गेला?"

"त्याची स्कूटर होती."

"घरी कोण असतं त्याच्या?"

प्रशिक्षकाने टॉवेल खाली ठेवला. "आता कुणी नाही. आई होती."

तिने लानचेन्बाला लावलेला फोन नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. कुणीतरी गाडी आणायला गेलं, पण पुलावर बाजार सुटल्याची गर्दी. मेमतोन शेडच्या पायरीवर उभी. खांद्यावर पेंगुळलेली पोर, कानाला फोन, मुठीत ती पट्टी. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती विचारतेय: तू त्या बाजूचा का? तुम्ही त्या बाजूच्या का?

तुम्हालाही विचारतेय. इरिल नदीच्या पलीकडे राहत असाल, तर बांबूच्या फाटकाचं, अंगणात सुकलेली तुळस असलेलं त्याचं घर आहे. दारात स्कूटर आहे का, बघा. हाक मारा. झोपला असेल तर उठवा, चिडला तरी उठवा. नुसतं नाव विचारू नका, ते तो बरोबर सांगेल.