पाठीवरचं औषध

मित्रांनो, आधी नाकाला रुमाल लावा, मगच जवळ या. मी फवारणीचा एक जुना पंप आहे. गोठ्याच्या भिंतीवर, खिळ्याला टांगलेला असतो. माझी टाकी पितळेची. कारागिराने ती ठोकून घडवली, तेव्हा तिच्यात तोंड पाहून घ्यावे अशी चकाकी होती.

मालकाने मला प्रथम पाठीवर घेतले, त्या दिवशी मी ताठ मानेने शेतात गेलो. कारण माझ्या पोटात औषध होते. सगळे त्याला औषधच म्हणत. कीड मेली की मालक मला थोपटून म्हणे, "हा आहे म्हणून पीक आहे." मी फुगून जाई. आधी हंगामात दोनच फवारण्या होत. मग मालकाने नदीकाठचे गवत काढून पार पाण्याच्या कडेपर्यंत नांगर घातला, खताच्या गोणी वाढल्या आणि माझी पाळी दर आठवड्याला येऊ लागली.

काम संपले की तो मला नदीच्या पायरीवर विसळी आणि उरलेले पाण्यात सोडून देई. "वाहत्या पाण्याला काय होतंय," असे म्हणे. औषध पाण्यात पडताच दुधासारखे पांढरे होई आणि हळूहळू खाली सरके. मला बरेच वाटे. म्हटले, नदीलाही गुण येईल.

नदी गप्प होत गेली. आधी बेडूक गेले, मग पाण्यावरचे किडे, मग त्यांना टिपणारे पक्षी. एका सकाळी सगळे मासे तोंडे वर काढून एकाच दिशेला उभे होते. एकही हलत नव्हता. औषध घेतल्यावर आजारी माणूस झोपतो, तशी नदी झोपली असेल, असे मी समजलो. शपथेवर सांगतो, मला खरेच तसे वाटले.

एका दुपारी मालक मला विसळत असताना खालच्या वळणावरून त्याची थोरली बहीण आली. काठाकाठाने चालत माहेरी येत होती. तिचे हात ओले होते.

"अरे, पाणी असं दुधाळ का दिसतंय? काय टाकलंस?"

"औषध," तो सवयीने म्हणाला.

"औषध? कोण आजारी आहे?"

मालकाच्या हातून मी निसटलो. "ताई, तू प्यायलीस?"

"तहान लागली होती रे. एकच घोट घेतला."

तो तिला तसाच दवाखान्यात घेऊन गेला. मी दोन दिवस पायरीवर पडून होतो. दोन दिवसांत माझ्याजवळ साधा डासही फिरकला नाही. तेव्हा मला भीती वाटली, आणि मी काय वाहत होतो ते कळले.

ताई परत आली. जिवावरचे घशावर निभावले, पण तिचा आवाज गेला तो गेलाच. तिने काठाकडे बोट दाखवून दोन्ही हात रुंद पसरले. तेवढी जागा मालकाने पुन्हा गवताला सोडली, म्हणजे शेतातले पाणी थेट नदीत उतरणार नाही. त्यानंतर त्याने मला पाठीवर घेतले नाही.

माझ्या तळाशी अजून थोडे औषध आहे. ते ओतायला मालकाने पुष्कळ जागा शोधल्या. शेतात ओतावे तर पाऊस ते नदीत नेणार, विहिरीजवळ तर नकोच. शेवटी झाकण घट्ट लावून त्याने मला इथे टांगले. मित्रांनो, पितळ पाहून मोह झाला तरी मला उतरवू नका. आणि नदीत काहीही सोडण्याआधी एकदा खालच्या वळणापर्यंत चालत जाऊन या. तिथे कुणीतरी तहानलेले असते.