बॉनेटखालची जागा

"टक!"

काठीची मूठ माझ्या सीटच्या पाठीवर बसली. पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ अजून अर्धाही झाला नव्हता.

"ड्रायव्हर, झोपलास का?" मागून म्हातारा खेकसला.

"नाही साहेब."

"मग हा हिसका कसला? मागे पोती भरलीयत का?"

मी दातओठ खात पाय सैल केला. खरं उत्तर जिभेवर होतं: साहेब, पाय माझाच आहे, गाडी तुमची नाही. पण एवढं एक वाक्य बोलायची मला बंदी होती, आणि बंदी घालणारा या म्हाताऱ्याचाच मुलगा होता.

म्हातारा म्हणजे मोठे साहेब. गाडीत बसलं की काठी दोन गुडघ्यांमध्ये उभी करून मुठीवर एकच बोट ठेवायची, ही त्याची जुनी खोड. गाडी नीट चालली तर काठी हलत नाही. हलली की ती उचलून माझ्या सीटवर आपटायची. शाबासकी हा प्रकार त्या घरात नव्हता; काठी वाजली नाही म्हणजे काम बरं झालं, एवढंच. या माणसाने मला जन्मात कधी 'पाणी घे' म्हटलं नाही. माझ्या लग्नाला त्याने अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली, तीही 'दुपारी गाडी लागेल' असं बजावून. मला तो कधीच आवडला नाही. पण गाडी कशी चालवतात हे त्याला कळायचं, आणि जुन्या गाडीत महिनोनमहिने काठी वाजत नसे. त्या न वाजलेल्या काठीच्या जोरावर मी चारचौघांत मान ताठ ठेवून वावरलो.

जुन्या गाडीचं इंजिन आठ सिलिंडरचं. बॉनेट उघडलं तर बोट घालायला जागा मिळायची नाही. गॅरेजवाला दर खेपेला शिव्या घालायचा. पाहुणे आले की म्हातारा मुद्दाम बॉनेट उघडायला लावायचा आणि पोटच्या पोराचं करावं तसं त्या लोखंडाचं कौतुक करायचा. पोटच्या पोराचं केलेलं मात्र मी कधी ऐकलं नाही. "मी जिवंत असेपर्यंत या दारात याहून लहान इंजिन उभं राहणार नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. पुढे साखरेने त्याचे डोळे नेले. आता उजेड कुठे आणि अंधार कुठे, एवढंच त्याला कळतं.

धाकट्या साहेबाने तेच साधलं. म्हातारा तपासण्यांसाठी दवाखान्यात दाखल होता, तेवढ्यात जुनी गाडी गेली आणि नवी आली. तोच रंग, तसंच कातडं, तेवढीच लांबरुंद. म्हाताऱ्याची पाठीमागची उशीसुद्धा त्या गाडीतून या गाडीत आली. 'गाडी आतून नवी करून घेतली' असं त्याला सांगितलं. बॉनेटखाली मात्र चार सिलिंडरचं एवढंसं इंजिन, आणि त्याच्या छातीत जबरदस्तीने हवा कोंबणारा टर्बो.

"ताकद तेवढीच आहे काका, उलट जास्तच," धाकटा मला म्हणाला. बाप मला 'ड्रायव्हर' म्हणतो, हा 'काका' म्हणतो; पण बापाच्या 'ड्रायव्हर'पेक्षा याचं 'काका' मला जास्त झोंबतं. "पेट्रोल कमी, टॅक्स कमी. मोठी इंजिनं आता कुणी ठेवत नाही."

"मोठ्या साहेबांना सांगितलं?"

"वेडबीड लागलंय का? घर डोक्यावर घेतील. त्यांना कळायचं काही कारणच नाही, हे बघा." त्याने स्टिअरिंगशेजारच्या पडद्यावर बोट टेकवलं, आणि स्पीकरमधून आठ सिलिंडरची घरघर सुरू झाली. मेलेल्या माणसाचा आवाज दुसऱ्याने काढावा तसं मला झालं. "बाबा आत बसल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, बाहेरून खरा आवाज कळतो. आणि गाडी सुरू केली की दर वेळी हे बटण आठवणीने दाबायचं, नाहीतर सिग्नलला इंजिन आपोआप थांबतं. बाकी तोंड उघडायचं नाही. कळलं ना काका?"

पहिल्या दिवशी म्हातारा काठी टेकत गाडीच्या मागे गेला आणि डिकीवरचा उठावाचा आकडा त्याने बोटांनी चाचपला. पूर्वी त्या आकड्यावरून इंजिन केवढं ते कळायचं. आता इंजिन निम्म्यावर आलं तरी आकडा तोच चिकटवतात. आकडा जागच्या जागी आहे अशी खात्री करून तो समाधानाने आत बसला. मला ते बघवलं नाही.

आवाजाने कान फसतील, पाठ कशी फसेल? जुन्या गाडीत चढ आला की पाय जरासा दाबायचा आणि गाडी त्याच क्षणी उचलायची. ही नवी बया आधी ऐकूनच घेत नाही. दाबा, काही नाही. आणखी दाबा, तरी ढिम्म. मग टर्बोत हवा भरते आणि एकदम अंगात आल्यासारखी उसळते. माझ्या पायाला जन्मभर एकच सवय. तो घाई करायचा, काठी हलायची, टक. रोज फेरी, रोज टक, आणि रोज तेच: तुझा पाय गेला, तू संपलास.

"अहो, चहा पिताय की कपाचा गळा दाबताय?" त्या दिवशी घरी बायको म्हणाली.

"पाय गेला म्हणतो माझा."

"मग सांगून टाका ना इंजिन बदललंय म्हणून."

"सांगितलं तर धाकटा काढून टाकेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तरी काढेल. बाप तक्रार करतो म्हणून."

"म्हणजे काढणार ते काढणारच. मग खरं बोलून या, निदान घास तरी उतरेल घशाखाली." तिने माझ्या हातातला कप काढून घेतला. "नोकरीचं काय एवढं घेऊन बसलात?"

नोकरीचं नव्हतंच. नोकरी जाईल हे मी केव्हाच धरून चाललो होतो. 'पाय गेला' म्हणून ती जावी, हे मला सोसत नव्हतं. आणि माझा पाय गेलेला नाही हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता; नेमका तोच आंधळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा गॅरेजमध्ये आला. "काका, बाबा रोज कुरकुरतायत. असंच चाललं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल हं." हे बोलताना त्याचा हात त्याच बॉनेटवर होता. हिसका कशाने बसतो हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि तरी तो माझ्या डोळ्यांत डोळे घालून बोलला. कानाखाली जाळ काढावा असं वाटलं. मी "बरं साहेब" म्हटलं आणि म्हाताऱ्याला घेऊन निघालो.

त्या रागात बटण दाबायचं राहिलं.

सिग्नलला गाडी थांबली आणि इंजिन गप्प झालं. त्याबरोबर स्पीकरमधली घरघरही तुटली. गाडीत चिडीचूप.

"बंद पाडलीस?" म्हातारा म्हणाला.

"नाही साहेब."

"मग आवाज कुठे गेला? भर सिग्नलला गाडी बंद पाडलीस? अरे, शिकाऊ पोरं पाडत नाहीत! बस झालं आता. उद्यापासून येऊ नकोस. अंगात दम राहिला नाही की माणसाने गपचूप घरी बसावं."

हिरवा दिवा लागला. सिग्नल ओलांडून मी एका बंद गोदामासमोर गाडी उभी केली आणि मागचं दार उघडलं.

"उतरा साहेब."

"घर आलं?"

"नाही. उतरा म्हटलं ना."

"हुकूम कुणाला सोडतोस?"

"तुम्हालाच."

असं त्याच्याशी कुणी बोललंच नसेल. तो उतरला. मी त्याला दंडाला धरून पुढे आणलं आणि बॉनेट उघडलं. त्याचं मनगट धरलं. "मी नेतो तिकडेच हात न्या. नाहीतर भाजेल."

त्याची बोटं बॉनेटच्या कडीवरून आत गेली. कडीचं काळं वंगण बोटांना लागलं. पुढची जाळी लागली, तिच्यामागचा पंखा लागला. त्याच्या मागे त्याने सवयीने पंजा उघडला, लोखंड लागेल म्हणून. पंजा तसाच खाली गेला. आणखी खाली गेला. कोपरापर्यंत हात आत गेला तरी काही लागेना.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"जागा."

"कसली जागा?"

"आधीच्या इंजिनाची."

तो हात इकडून तिकडे फिरवत राहिला. मागे सरकवलेल्या त्या लहानशा इंजिनाची धग बोटांना लागली तेव्हा त्याने हात बाहेर घेतला.

"कधीपासून?"

"तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हापासून."

"आणि तू मला रोज यात बसवून फिरवलंस."

"हो."

"हरामखोर."

"हो साहेब. पण माझा पाय गेलेला नाही."

एकदाचं बोलून टाकलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी बॉनेट आपटून बंद केलं आणि त्याला आत बसवलं.

"तो आवाज कुठून येतो?" त्याने विचारलं.

"स्पीकरमधून."

"बंद कर. आणि टाकीकडे घे."

मी आवाज बंद केला. मग ऐकू आला तो गाडीचा खरा आवाज, शिवणयंत्रासारखा बारीक. चढाशी आलो. घाई करू नको, मी माझ्या पायाला बजावलं. नुसता टेकवला, टर्बोने श्वास भरून घेईपर्यंत थांबलो, आणि मग हळूच दाबला. गाडी सरळ वर चढत गेली. आरशात काठी दिसत होती. मुठीवर एक बोट, आणि काठी जागच्या जागी.

टाकीपाशी पोहोचल्यावर तो म्हणाला, "पाय शाबूत आहे तुझा."

मी उगाच आरसा नीट केला. या माणसाच्या एका वाक्याने मी एवढा हरखावा याचा मला संतापही आला.

घरी पोहोचलो तेव्हा धाकटा पायऱ्यांवर उभा होता. त्याचा आवाज ऐकताच म्हाताऱ्याने काठी डाव्या हातात घेतली आणि वंगणाची बोटं लपवत उजव्या हाताची मूठ आवळून छातीशी धरली. मी आरशात त्याचा चेहरा पाहिला. इतक्या वर्षांत मी त्याला रागावलेला, फुगलेला, तिरसटलेला पाहिला होता, घाबरलेला कधीच नाही. घर आता धाकट्याचं, जेवण धाकट्याच्या हातात, औषधंही तोच देणार. कळलंय असं दाखवलं तर भांडावं लागेल, आणि भांडायचं त्राण म्हाताऱ्यात उरलं नव्हतं. त्याला कळलंय हे ठाऊक असलेला माणूस एकच होता: मी.

मी दार उघडलं. तो उतरला.

"काय बाबा, कशी झाली फेरी?"

"झकास. गाडी उत्तम आहे." म्हाताऱ्याने तोंड मुलाच्या आवाजाकडे वळवलं. "ड्रायव्हर बदल. पाय गेला याचा."

"मी म्हटलंच होतं," धाकटा म्हणाला. "सॉरी हं काका. वयाचं असतं."

मी खिशातून गाडी पुसायचं पिवळं फडकं काढलं आणि म्हाताऱ्याची मूठ धरली. त्याने हात मागे ओढला. मी सोडला नाही. एकेक बोट उघडलं आणि धाकट्याच्या समोर, सावकाश, पुसलं. अंगठा, मग तर्जनी, मग नखांच्या कडा. वंगण चिवट होतं, वेळ लागला. धाकटा आधी त्या काळ्या बोटांकडे बघत राहिला, मग बॉनेटकडे. म्हाताऱ्याने मान खाली घातली होती.

हात स्वच्छ झाल्यावर मी काठी त्याच्या उजव्या हातात दिली आणि किल्ली धाकट्याच्या.

फडकं मी रोज धुऊन गॅरेजमधल्या खिळ्याला अडकवायचो. त्या दिवशी न धुताच अडकवलं.