चुलीपाशी टाकलेली खाट

सन चोपन्नचा हिवाळा. धुळ्याजवळच्या एका खेड्यात लोटनने आपल्या दमेकरी आईची खाट चुलीच्या अगदी कडेला टाकली होती. उबेने कफ सुटतो, असे सारा गाव मानी. आईची पाठ शेकत होती, पण श्वास दिवसागणिक आखूड होत होता. आता तिला परसापर्यंतही जाववत नव्हते.

धुळ्याच्या दवाखान्यातले कंपाउंडर जीवरामनाना गोळ्या घेऊन आले, तेव्हा लोटनने त्यांना ओट्यावरच गाठले.

"नाना, तीन महिने झाले. माय बरी कधी व्हई?"

"पुरती बरी होणार नाही."

"मग ही दवाई काय कामाची? उद्याच नेतो भगताकडे. छातीवर डाग दिला की दम पळतो!"

"दम नाही रे, माणूस पळतं!" नाना म्हणाले. "डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून पाहिला ना? क्षय नाही. फुप्फुसं झिजलीत. गेली ती गेली, उरली ती जपायची."

"जपतोच की! चूल सोडून दुसरीकडे निजू दिलं नाही तिला."

नाना आत डोकावले. बिनखिडकीच्या खोलीत लोटनची बायको मंदाबाई कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून भाकरी थापत होती.

"आईला ओट्यावर आण, अन् तिच्या खाटेवर तू बस. भाकऱ्या होईस्तोवर उठायचं नाही."

"त्यात काय!" म्हणत लोटन बसला. दुसऱ्या भाकरीला धुराने त्याचे डोळे वाहू लागले. तिसरीला तो खोकत बाहेर पळाला.

"आते समजनं का?" मंदाबाई हसली, आणि हसता हसता तिलाही उबळ आली. ती थांबेचना.

"रोजच खोकस ती," ओट्यावरून आई म्हणाली. "तू वावरात ऱ्हास, तुले काय मालूम?"

लोटन चपापला! ज्याला तो सेवा समजत होता, तेच आईचा श्वास पीत होते. आणि आता पाळी बायकोची होती!

भगताकडे जाणे राहिले. दुसऱ्या दिवशी लोटनने पहारीने भिंतीला झरोका पाडला, चूल परसातल्या छपराखाली नेली, आईची खाट पुढल्या खोलीत आणली. गोळ्या चालूच ठेवल्या. आजार गेला नाही. पण होळीपर्यंत आई, वाटेत दोनदा टेकत का होईना, शेजारणीच्या दारी जाऊ लागली.

वाचकहो, काही दुखणी घर सोडत नाहीत. म्हणून औषध टाकून डागण्यांमागे धावू नये. दुखणे कशाने वाढते ते आपल्याच घरात शोधावे आणि आपल्याच हातांनी दूर करावे. स्वयंपाकघरात धूर कोंडलेला आहे, तोवर आपल्या आयाबायांचा श्वासही कोंडलेलाच राहील.