मी, नकली 'आकाशगंगा स्क्वॉड'

शनिवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी रेवतीच्या मोबाईलमध्ये उतरलो आणि तिथूनच हे सगळं सुरू झालं. मी एक गेम बोलतोय. अंतराळातला, बंदुकीचा, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याची नक्कल केलेला.

माझा जन्म अंधेरीतल्या एका छोट्या ऑफिसातला. मालकांनी गेम बनवणाऱ्या देवदत्तला सांगितलं, "सध्या सगळी पोरं जो गेम खेळतायत ना, डिट्टो तसाच बनव. हेल्मेटचा रंग तेवढा बदल." देवदत्तने रंग बदलला. पण घाई इतकी, की खेळणाऱ्याने गोळीच मारली नाही तर माझ्या तीन डोळ्यांच्या हिरव्या सैनिकांनी काय करायचं, हे ठरवायचं राहूनच गेलं. चंद्रावरच्या तळाचं दारही अर्धंच उघडतं. लोक मला घेतात, दोन मिनिटं खेळतात, शिव्या घालतात आणि डिलीट करतात.

रेवतीने मला घेतलं ते लेकीसाठी. परळची चाळ सोडून ते जोगेश्वरीला नव्या बिल्डिंगमध्ये आले होते आणि नऊ वर्षांच्या प्रांजलला इथे कुणी खेळायला घेत नव्हतं. खाली सगळी मुलं त्या खऱ्या गेमचंच बोलायची. रेवतीने मोबाईलवर शोधलं, हेल्मेट बघितलं आणि हाच तो असं समजून मला घेतलं.

प्रांजल मोबाईल घेऊन पळतच खाली गेली. शेजारच्या गार्गीने डोकावलं. "ए, हा डुप्लिकेट आहे!"

तिचा भाऊ अनय ओरडला, "बघ, एलियन भिंतीत अडकला! वाट लागली!"

सगळे हसले. प्रांजल वर आली ती तोंड फिरवून आडवी झाली. दुसऱ्या दिवशीही खाली जाईना.

"मला आधी विचारायचं ना, आई!"

रेवतीला घास जाईना. पोरगी अशीच एकटी राहिली तर? दुपारी भांडी आवरून ती मला घेऊन बसली. माझ्यात एवढं वाईट काय आहे, ते तिला बघायचं होतं. इतक्या जवळून मला कधी कुणी बघितलंच नव्हतं. मलाही वाटलं, बघूया ही बाई काय करते.

समोर एकदम बंदूक आली तशी ती दचकली. "अगं बाई, ही खाली कशी करायची?" कोपऱ्यातलं एक बटण तिने दाबलं आणि बंदूक खाली गेली. ते बटण आजवर कुणीच दाबलं नव्हतं.

एक हिरवा सैनिक पुढे आला आणि नुसता उभा राहिला. रेवती घाबरून वळली, चालायला लागली. तो तिच्या मागे मागे. मग दुसरा. मग तिसरा.

"प्रांजल, हे बघ गं, हे माझ्या मागे का येतायत?"

"मार ना मग त्यांना."

"कशाला? काय केलंय त्यांनी मला?"

"आई, गेम आहे तो!" पण प्रांजल उठून बसली होती. "थांब, डावीकडे घे. तो भिंतीतला पण घे ना. बिचारा!"

चंद्राच्या त्या अर्ध्या दारापाशी पोचेपर्यंत मागे वरातच झाली होती. सगळे एकदम आत घुसायला गेले आणि एकमेकांवर चढले. प्रांजल पोट धरून हसली. जोगेश्वरीच्या घरात पहिल्यांदाच. मग चप्पल न घालताच मोबाईल घेऊन खाली धावली.

"दे ना, मला एकदा," गार्गी म्हणाली.

"आधी बंदूक खाली कर. मग देते."

आता संध्याकाळी रेवतीला मोबाईल मिळत नाही. जेवायला चार हाका माराव्या लागतात, तेव्हा प्रांजल वर येते. मालक मात्र मला कायमचा बंद करणार म्हणतायत. म्हणून एक विनंती. तुमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना माझ्याबद्दल सांगा. म्हणावं, बंदूक खाली करा आणि चालत राहा. माझ्या शेवटच्या ग्रहावर अशी सगळी वरात घेऊन अजून कुणी पोचलेलं नाही. तिथे काय होईल, ते मलाही ठाऊक नाही.