कार्यक्रमापुरती मेलेली

ट्यूनरबाई पियानोच्या खुंट्या पिळायला बसली की तिला जेवणाखाण्याची शुद्ध राहत नसे. झाकण उघडं, बाकीच्या तारा गप्प ठेवायला लोकरी नमद्याची पट्टी खोचलेली, हातात किल्ली, आणि शेजारचं भांडण ऐकावं तसे कान टवकारलेले. सभागृह कोणतंही असो, वादकाच्या आधी ती तिथे हजर असायची. वादक म्हणजे तिचा सख्खा नवरा. पण हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण कार्यक्रमात त्याची बायको मेलेली होती.

सुरुवात थट्टेतच झाली. तो एकटाच वाजवायचा आणि मधेमधे गोष्टी सांगायचा. आधी रॅगटाइम, म्हणजे डावा हात शिस्तीत पावलं टाकतो आणि उजवा त्याच्या खोड्या काढतो. मग जॅझ आणि शेवटी जुन्या उस्तादांच्या संथ, गंभीर रचना. लोक टाळ्या वाजवायचे आणि घरी जाऊन विसरायचे. एकदा शेवटच्या रचनेआधी त्याला काय सुचलं देव जाणे, तो म्हणाला, "ही माझ्या बायकोची आवडती. ती आता नाही." सभागृह चिडीचूप झालं. नंतर लोक डोळे पुसत त्याला भेटायला आले. आणि ही विंगेत पोट धरून हसत होती! "अहो, निदान तापानं मारा हं मला, अपघात नको," असं तिनं वर सुचवलंही.

मग तापानं ती गावोगाव मेली. आमंत्रणं वाढली. लोक बघतात म्हणून तिनं अंगठी काढून ठेवली, लॉजवर दोन खोल्या घेतल्या, चारचौघांत त्याला "सर" म्हणायला लागली. तिच्या माहेरचं कुणी उरलं नव्हतं, मैत्रिणी फिरतीत सुटल्या. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "कार्यक्रमापुरतंच गं." प्रत्येक वेळी ती मान डोलवायची. एवढी कानाची पक्की बाई, पण हा बेसूर तिला ऐकू आला नाही.

त्या दुपारी रॅगटाइम झाला, जॅझ झाला. ती विंगेत स्टुलावर बसून वरच्या पट्टीतल्या एका तारेवर कान ठेवून होती. तो बोलायला लागला.

"असाच एक कार्यक्रम संपवून आम्ही निघालो होतो. धरणाच्या वरच्या वळणावर तिनं गाडी थांबवायला सांगितली. तिला पाणी बघायचं होतं. मी गाडीतच बसून राहिलो. तिची हाक मला ऐकू आली नाही."

नवी गोष्ट तो नेहमी आधी तिला ऐकवायचा. चहा घेता घेता, अडखळत, तिच्याकडून चुका काढून घेत. ही त्यानं तिला कधीच ऐकवली नव्हती, आणि तरी तो एकदाही अडखळला नाही. मग त्यानं ती संथ रचना वाजवली, आणि आजवर इतकी सुंदर कधी वाजवली नव्हती.

पडदा पडल्यावर तिनं विचारलं, "अहो, ताप कुठे गेला?"

"तापाला लोक कंटाळले." त्यानं पियानोचं झाकण लावलं. "आज धरणाच्या रस्त्यानं जाऊ. लांबचा आहे, पण छान आहे."

असं म्हणून त्यानं तिची हत्यारांची पिशवी उचलून खांद्याला लावली. इतक्या वर्षांत त्यानं त्या पिशवीला हातसुद्धा लावला नव्हता.

तो लोकांच्या गराड्यात सापडला तशी ती सभागृहाच्या व्यवस्थापक बाईंच्या खोलीत शिरली. बाईंचे डोळे अजून ओले होते.

"मला त्यांच्याबरोबर पाठवू नका," ती म्हणाली. "मीच त्यांची बायको आहे. मी मेलेली नाही. ते आज मला..."

बाईंनी मायेनं तिचा हात हातात घेतला.

"बसा, पाणी घ्या. सरांनी सकाळीच सगळं सांगितलंय मला. म्हणाले, कामाला सोन्यासारखी आहे, पण मधूनच स्वतःला माझी बायको समजते. म्हणून काय तिला टाकून देऊ?"

"खोटं आहे हे! विचारा कुणालाही!"

"कुणाला विचारू? सांगा, आत्ता फोन लावते."

एकेक सभागृह तिच्या डोळ्यांसमोरून गेलं, एकेक लॉज, एकेक यजमान. सगळे तिला ओळखत होते, ट्यूनरबाई म्हणून. मग ती ओरडली, आणि त्या ओरडण्यानं बाईंची उरलीसुरली शंका मिटली.

"सर!" बाईंनी दार उघडून हाक मारली. तो धावत आला, तिच्या खांद्याभोवती हात टाकून हळूहळू चालवत तिला बाहेर घेऊन गेला. दुसऱ्या बाजूनं बाईंनी आधार दिला. गाडीचं दार बाईंनीच उघडलं, तिला बसवलं, वाकून पट्टा लावला, नीट बसलाय ना हे ओढून पाहिलं.

"सांभाळून न्या हो त्यांना," बाई खिडकीतून म्हणाल्या.

"तुम्ही काळजी करू नका," तो म्हणाला आणि त्यानं काच वर केली.