प्रार्थनेचा विषय

सात वर्षांनी सेयॉन चर्चमध्ये आली आणि आईकडे न बघता सरळ ह्येरिमच्या शेजारी जाऊन बसली.

ओकबुन स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. कोरियातल्या गुनसानच्या त्या छोट्या मंडळीत रविवारचं जेवण बावीस वर्षं तिच्याच हातचं. 'प्रभू, माझ्या लेकीला परत आण' असं म्हटल्याशिवाय तिची पहाटेची प्रार्थना कधी संपली नव्हती. प्रभूने आणलं खरं, पण कोणाच्या हातून? दीड वर्षापूर्वी सोलहून आलेल्या, मोबाईलच्या दुकानात कामाला असलेल्या, धड मुळाही न चिरता येणाऱ्या पोरीच्या! आईच्या फोनला 'हं, ठीक' एवढंच उत्तर देणारी सेयॉन ह्येरिमशी तासतासभर बोलत होती म्हणे.

"लेक आली हो तुमची! ह्येरिमने कमाल केली," बायका म्हणत होत्या. ओकबुन हसत होती आणि आतून जळत होती.

त्याच महिन्यात शिष्यवर्ग संपला. वर्षभर दर गुरुवारी शास्त्र वाचायचं, वचनं पाठ करायची. ओकबुनची सगळी वचनं तोंडपाठ. मंडळीच्या वर्धापनदिनी वर्गातल्या एकीने साक्ष द्यायची होती, म्हणजे सगळ्यांपुढे उभं राहून आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायचा होता. पाळकसाहेबांनी नाव घेतलं ह्येरिमचं.

"आणि ओकबुनबाई, जेवणाचं तुम्ही बघालच," ते प्रेमाने म्हणाले.

ते 'बघालच' तिला भाल्यासारखं लागलं.

बुधवारी बायकांची प्रार्थना होती. ओकबुनने डोळे मिटले आणि हळू आवाजात म्हणाली, "एक प्रार्थनेचा विषय आहे. नाव घेऊ नये, पण आपल्या ह्येरिमसाठी प्रार्थना करा गं. आई देवऋषीण आहे तिची. घुमते, नैवेद्य दाखवते. आणि ही दर सोमवारी तिथे जाऊन देवघर झाडते."

"अगं बाई!" कोणीतरी म्हणालं.

ह्येरिमने हे तिला एकटीलाच सांगितलं होतं, लोणच्यासाठी कोबी मिठात घालताना. आईचं अर्धं अंग गेलंय, देवघर झाडलं नाही की ती रडते म्हणून झाडते, असंही सांगितलं होतं. तेवढं मात्र ओकबुनच्या तोंडून निघालं नाही. तिने मोठ्याने आमेन म्हटलं.

रविवारपर्यंत बातमी चर्चच्या वडीलमंडळींच्या कानावर गेली. वाद नको म्हणून पाळकसाहेबांनी साक्ष ओकबुनकडे दिली. ह्येरिम यायची बंद झाली आणि तिच्यामागे सेयॉनही.

चार दिवसांनी सेयॉन आईच्या शिवणाच्या दुकानात आली. बसली नाही.

"आई, तू सांगितलंस ना?"

"मी फक्त प्रार्थनेसाठी..."

"प्रार्थनेचं नाव घेऊ नकोस. मी चर्च का सोडलं होतं ठाऊक आहे? माझा साखरपुडा मोडला, तेव्हाही तू माझा असाच विषय केला होतास. आठवडाभर अख्खं चर्च मला बिचारी, बिचारी करत होतं."

ओकबुनने हातातली सुई कापडात खोचून ठेवली. इतकी वर्षं ती लेकीच्या कठोर मनासाठी प्रार्थना करत होती.

सोमवारी ती बसने ह्येरिमच्या आईच्या किनाऱ्यावरच्या गावी गेली. दार उघडंच होतं. देवांच्या रंगीत तसबिरींखाली ह्येरिम फडकं फिरवत होती, अंथरुणावरची म्हातारी डोळ्यांनी तिचा हात न्याहाळत होती. ओकबुनने लापशीचा डबा खाली ठेवला. बाहेर बोलू म्हणाली.

"मीच सांगितलं," ती अंगणात म्हणाली. "काळजीने नाही. माझी लेक तुझ्याजवळ बसली, ते मला बघवलं नाही."

"ठाऊक आहे, ताई. तुम्हाला सोडून कुणाला सांगितलंच नव्हतं मी."

"मला माफ कर."

ह्येरिमने फडकं पिळलं. "करायचंय. पण आज केलं म्हणाले तर खोटं ठरेल. राग आहे अजून." मग आत बघत म्हणाली, "थांबा, जाऊ नका लगेच. आईला कूस बदलायला मदत करा."

दोघींनी म्हातारीला उचलून कुशीवर केलं. तसबिरींखाली उभं राहताना ओकबुनला अवघडल्यासारखं झालं. तिला एकही वचन आठवलं नाही.

वर्धापनदिनी चर्च भरलं होतं. ओकबुनने लिहून आणलेला कागद उघडलाच नाही.

"ही जागा माझी नाही," ती म्हणाली. "मी मत्सराने एका बहिणीचं गुपित फोडलं आणि त्याला प्रार्थना म्हटलं. ती आजारी आईची सेवा करते. मी वर्षभर शिष्य व्हायला शिकले आणि पुढची खुर्ची मिळाली नाही म्हणून हे केलं. बुधवारी ज्यांनी ऐकलं त्यांनी आता हेही सांगा."

कोणी आमेन म्हटलं नाही. जेवताना दोन बायका तिच्याशी बोलल्या नाहीत. पाळकसाहेब मात्र भांडी विसळायला आले. म्हणाले, "त्या दिवशी मीही तिला न विचारताच तिचं नाव वगळलं. उद्या जातो तिच्याकडे."

ह्येरिम यायला पाच रविवार लागले. सेयॉनही आली आणि पुन्हा तिच्याच शेजारी बसली. दोघी कशावरून तरी खुदखुदल्या. ओकबुनला ते आजही बघवलं नाही; मत्सर जराही कमी झाला नव्हता. तिने साराचे दोन वाडगे भरले आणि त्यांच्यापुढे नेऊन ठेवले.

"तू जेवलीस?" सेयॉनने विचारलं.

"नाही अजून."

ह्येरिम जरा सरकली. बाकावर जागा झाली.